मजकूर माझा

दिगंबरराव रोज सकाळी सहाला कचऱ्याच्या टाकीपाशी उभे राहत, हातातल्या काठीने कचरा उलटापालटा करत आणि कोणत्या घरातून काय आलं ते मोठ्याने सांगत. ते नगरपालिकेचे सफाई इन्स्पेक्टर होते. मी आरोग्य खात्यात नवा कारकून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला सोबत नेलं.

"हे पाह्य बाबू," चहाच्या पत्तीवर काठी टेकवून ते म्हणाले, "पत्ती उकळून उकळून पांढरी झाली. घरात पाहुणा हाये, पन घरच्यायले नको झाला." पुढे नालीत अंड्याची टरफलं तरंगत होती. ती त्यांनी काठीने बाहेर ओढली, आजूबाजूला पाहिलं आणि एका पूजा सांगणाऱ्या भटजींच्या दारासमोर जाऊन हाक मारली, "महाराज! टरफलं टाकीत टाकत जा. नाली तुंबते." अख्खी गल्ली बाहेर आली आणि हसत सुटली. भटजी पुढे महिनाभर मान वर करून चालले नाहीत. दिगंबरराव मात्र हसले नव्हते. परत येताना म्हणाले, "कोन काय खाते, त्याच्याशी मले घेणं नाई. कुठं टाकते, त्याच्याशी हाये."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. मी ते शेकडो वेळा ऐकलं आणि त्याचा अर्थ मला कळला असं समजत राहिलो.

आमचं गाव मलकापूर आणि चिखली यांच्या मधलं एक तालुक्याचं गाव, एवढं सांगितलं तरी पुरे. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. ऑफिसातले छापील फॉर्म अजून जुन्या राज्याचे होते आणि त्यांच्यावर नव्या राज्याचा शिक्का मारून आम्ही काम भागवत होतो. सगळा कारभार मराठीत करा, असा हुकूम आला होता. मला नोकरी मिळाली ती त्या हुकमामुळे आणि माझ्या अक्षरामुळे. माझं अक्षर छापल्यासारखं होतं. नोटिसा, फलक, सूचना, सगळं माझ्याकडे येई.

दिगंबरराव पन्नाशीचे असतील. खाकी कोट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, पायांत कॅनव्हासचे बूट. अंगाला फिनेलचा वास. कोटाच्या खिशात नगरपालिकेच्या उपविधींचं पुस्तक, त्याला मेणकापडाचं कव्हर घातलेलं. उपविधी म्हणजे कचरा कुठे टाकायचा, उकिरडा घरापासून किती लांब हवा, रोग्याच्या खोलीतला कचरा कसा जाळायचा, असले गावचे नियम. लोकांनी हे पुस्तक कधी पाहिलंही नव्हतं. दिगंबररावांना ते पाठ होतं. कापसाच्या जिनिंगच्या मालकाने सरकीची घाण नाल्यात सोडली, तेव्हा त्यांनी दोन बैलगाड्या घाण भरून त्याच्या बंगल्याच्या फाटकात ओतली. नगराध्यक्षांच्या सासूबाईंनी खिडकीतून उष्टं रस्त्यावर फेकलं, तेव्हा अध्यक्षांच्या नावाने नोटीस काढली. त्यांनी कोणाची भीड ठेवली नाही आणि कोणावर दयाही केली नाही. गाव त्यांना पाठीमागे 'उकिरडेसाहेब' म्हणे.

एकदाच त्यांनी स्वतःविषयी सांगितलं. गावाबाहेर कचरा पुरून खत करायची जागा होती. तिथे एका दगडावर बसले असताना म्हणाले, "पटकीची साथ होती. शेजारच्या घरी रोगी होता. त्यायनं सांगितलं नाई. लाज वाटली त्यायले. त्याचे कपडे आमच्या विहिरीपाशी धुतले. सात दिवसांत माह्या घरातून तीन तिरड्या निघाल्या बे. मोजत बसलो मी. बायको, लेक, अन् नाव बी ठेवलं नव्हतं असं एक दिवसाचं पोरगं." मग काठी टेकून उठले. "लाज जीव घेते, बाबू. रोग मागून येते."

आमच्या सफाईच्या टोळीत कौसाबाई नावाची बाई होती. चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. एका सकाळी तिने जुन्या बाजाराच्या गल्लीतल्या टाकीत हात घातला आणि किंचाळली. फुटकी काच तळव्यातून बोटाच्या मुळापर्यंत गेली होती. कचऱ्यात इंजेक्शनच्या लहान बाटल्या होत्या. कोणीतरी त्या खलबत्त्यात घातल्यासारख्या कुटून, लेबलं खरडून, कागदात गुंडाळून टाकल्या होत्या. चार दिवसांत कौसाबाईचा हात कोपरापर्यंत सुजला. तिला बुलढाण्याला नेलं. तिथे मधलं बोट काढावं लागलं.

ती परत आली त्या दिवशी दिगंबररावांनी वाळवून ठेवलेले ते कागदाचे तुकडे टेबलावर मांडले. शाळेच्या वहीचे कागद होते. एका तुकड्यावर लाल शाईत शेरा होता, 'अक्षर सुधारा'.

तो तुकडा मी जवळ ओढला. ते वळण मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. मी बीबी गावाकडच्या एका खेड्यातून हायस्कुलासाठी या गावात आलो, तेव्हा देवीदास मास्तर आमचे मराठीचे शिक्षक होते. ते मूळचे पुण्याकडचे. मी वर्गात "मले" म्हणालो की बाकावर उभं करत आणि शंभरदा "मला" म्हणायला लावत. पोरं हसत. शाळा सुटल्यावर मात्र तेच मास्तर मला थांबवून घेत, बोरू माझ्या बोटांत नीट धरवत आणि एकेक अक्षर गिरवून घेत. माझं जे अक्षर होतं ते त्यांनी घडवलं होतं. आणि मला आठवत राहिलं होतं ते बाकावरचं हसू.

"कोनाचं अक्षर हाये, वळखते का?" दिगंबररावांनी विचारलं.

"देवीदास मास्तरांचं," मी लगेच सांगितलं. थोडं थांबायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

मास्तरांचं घर आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांची सुमन एकोणीस वर्षांची होती. मलकापूरला रेल्वेत असलेल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, महिन्याभरावर आलं होतं. दिवाळीपासून तिचा खोकला आमच्या मोरीतून ऐकू येई. एक कंपाउंडर दिवसाआड मागच्या दाराने त्यांच्याकडे जाई. अलीकडे खोकला जवळजवळ थांबला होता. मुलाकडच्यांना मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या वेळेस दिगंबरराव मास्तरांच्या दारात गेले. सोबत मी, शिपाई आणि हाताला पट्टी बांधलेली कौसाबाई. गल्लीतल्या सगळ्या बाया कळश्या घेऊन नळावर उभ्या होत्या. दिगंबररावांनी काचांची पुडी मास्तरांच्या ओट्यावर ओतली.

मास्तर धावत बाहेर आले. काचा पाहताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात जोडून हळूच म्हणाले, "साहेब, आत या. आत बसून बोलू."

"आत काऊन? कचरा बाहेर टाकला ना तुमी? मंग बाहेरच बोलू."

"मी पाया पडतो तुमच्या. घरात लग्नकार्य आहे."

"ह्या बाईचं बोट गेलं, मास्तर. इकडं ये गं कौसा, दाखव हात."

कौसाबाई पुढे आली नाही. "जाऊ द्या साहेब," ती म्हणाली, "मले काई नाई झालं."

"तू चूप बस!" दिगंबरराव ओरडले. "बोट तुह्यं गेलं म्हणून गाव चूप हाये. यायच्यातल्या कोनाचं गेलं असतं त बुलढाण्यापर्यंत बोंब गेली असती." मग मास्तरांकडे वळले. "बाटल्या कायच्या हायेत ते मी इचारून नाई राह्यलो. काच उघडी काऊन टाकली, दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन काऊन टाकली, ते इचारून राह्यलो."

मास्तर वाकून ओट्यावरच्या काचा हातांनी गोळा करू लागले. तेवढ्यात दारात सुमन आली. हिरवी साडी, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला. ती म्हणाली, "बाटल्या माझ्या आहेत. आजारी मी आहे. बाबांना काही बोलू नका."

नळावरची एक कळशी भरून वाहत होती, ती कोणी बाजूला केली नाही. दिगंबरराव सुमनकडे बघत राहिले, मग मान फिरवून मला म्हणाले, "नियमाप्रमाणं नोटीस लिव्ह. दारावर चिकटव."

नोटीस मी लिहिली. नियमात शब्द होता 'सांसर्गिक रोग'. पुढचं वाचून तुम्हाला माझा राग येईल, आला पाहिजे. मला तो शब्द मिळमिळीत वाटला. माझ्या हातात नवी लाल शाई होती आणि मराठीत लिहायचा हुकूम होता. ही नोटीस मास्तरही वाचणार, एवढं मला पक्कं माहीत होतं. मी लिहिलं, 'या घरात क्षयरोगी आहे. येथील कचरा, थुंकी व वस्त्रे जाळून नष्ट करावीत. नागरिकांनी संपर्क टाळावा.' 'क्षयरोगी' हा शब्द मी बोटभर उंचीचा, लाल शाईत काढला. वळण इतकं सुबक आलं की मी स्वतःच कागद लांब धरून पाहिला. दिगंबरराव तेव्हा कौसाबाईच्या दुखापतीचा कागद घेऊन अध्यक्षांकडे निघाले होते. घाईत उभ्याउभ्या सही केली, वाचलं नाही. शिपायाने दुपारी खळ लावून तो कागद मास्तरांच्या दारावर चिकटवला.

संध्याकाळी घरी गेलो तर माझी बायको इंदू चुलीपाशी नुसतीच बसली होती. चूल पेटवली नव्हती. दोन वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

"मास्तरच्या दारावरची नोटीस तुमी लिवली?" तिने विचारलं.

"कामच आहे ते. सही साहेबांची आहे."

"सही वाचली मी. अक्षर पन वाचलं. तुमचा 'क्ष' मले वळखू येते. लग्नाआधी चिठ्ठ्या लिवत होते ना तुमी." मग म्हणाली, "नळावर त्या पोरीले पानी भरू देऊन नाई राह्यले. तिची कळशी लाथेनं उडवली. मी त्यायले दोन घागरी नेऊन देऊ का?"

मी नाही म्हणालो. आपली मुलगी लहान आहे, आपण त्या घरात जायचं नाही, असं सांगितलं. इंदूने उठून चूल पेटवली. त्यानंतर तिने त्या विषयावर माझ्याशी शब्द काढला नाही. तेव्हा नाही आणि पुढे कधीही नाही.

आठ दिवसांत मलकापूरहून माणूस आला आणि लग्न मोडून गेला. तो आत गेला नाही, रस्त्यावरूनच निरोप सांगितला. वाण्याने मास्तरांना सामान द्यायचं तर पायरीखाली उभं राहायला सांगितलं. पालकांनी शाळेत जाऊन ओरड केली, मास्तरांना रजेवर पाठवलं. आणि कंपाउंडर यायचा बंद झाला, कारण त्या घरात जाताना कोणी पाहिलं असतं तर दुसऱ्या घरांनी त्याला दारात उभं केलं नसतं. इंजेक्शनं निम्म्यावर राहिली. मोरीतून खोकला पुन्हा ऐकू येऊ लागला. रात्रंदिवस.

दिगंबरराव तिथून जात, पण नजर नालीवर ठेवून; दारावरच्या कागदाकडे मान वर करत नसत. आम्हा कोणालाही ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही.

कौसाबाईचं काय झालं ते सांगायला हवं, कारण गावाने ते कधीच विचारलं नाही. दुखापतीचा कागद अध्यक्षांनी परत पाठवला. ती रोजंदारीवरची, तिला काही देता येत नाही, आणि झाडू धरता येत नसेल तर हजेरीतून नाव कमी करावं, असा शेरा होता. ती ऑफिसात आली. पट्टी सोडून हात पुढे केला. "साहेब, ह्याच हातानं तुमचं गाव झाडलं."

"हाव," दिगंबरराव म्हणाले. "उद्यापासून येऊ नको." आणि तिच्यासमोरच हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ ओढली. हुकूम आला की पाळायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. ती दारापर्यंत गेली, तिथे थोडी थांबली. ते वर पाहतील असं तिला वाटलं असावं. त्यांनी पाहिलं नाही.

होळीच्या सुमारास मास्तरांनी घराला कुलूप लावलं. सुमनला घेऊन ते बायकोच्या माहेरी, मेहकरजवळच्या खेड्यात निघाले. एस.टी.त त्यांच्या पुढचं आणि मागचं बाक रिकामं राहिलं, असं इंदूने नळावर ऐकलं. नोटीस कुलपाच्या वर तशीच होती. उन्हाने काळी शाई विटली, लाल नाही विटली.

उन्हाळ्याच्या शेवटी आरोग्य खात्याच्या नावे टपालाने एक अर्ज आला. फोडणारा मीच. मास्तरांचं ते टपोरं, सरळ अक्षर.

'विनंती अर्ज करतो की, आपल्या नोटिशीतील अटींची पूर्तता झाली आहे. रोग्याची वस्त्रे, अंथरूण व भांडी जाळून व पुरून नष्ट केली आहेत. माझी कन्या सुमन हिचेही दहन झाले आहे. आता घरात रोगी नाही. तरी माझ्या घरावरील नोटीस काढून घेण्यात यावी, ही विनंती.'

खाली सही. तक्रारीचा एक शब्द नव्हता. एकही अक्षर हललेलं नव्हतं.

मी तो कागद दिगंबररावांच्या समोर ठेवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. "नोटीस," ते म्हणाले. "आपली प्रत काढ." मी फायलीतली प्रत दिली. त्यांनी ती पहिल्यांदा वाचली. बोट 'क्षयरोगी' या शब्दावर थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो. ते उठले. बादली आणि फडकं घेऊन भर दुपारी एकटे मास्तरांच्या दाराशी गेले आणि तो कागद ओला करून नखांनी खरवडू लागले. ज्या बायांनी सुमनची कळशी उडवली होती, त्याच ओट्यांवर येऊन त्यांना शिव्या घालू लागल्या. एकीने वरच्या माडीवरून शेणाची पाटी त्यांच्या अंगावर उपडी केली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. त्यांनी तोंड पुसलं आणि खरवडत राहिले.

मास्तरांनी अर्जाची एक प्रत अध्यक्षांनाही पाठवली होती आणि तिथून बातमी गावभर झाली होती. मास्तरांकडे शिकलेली पोरं आता मोठी झाली होती, ती भडकली. गावाला कोणीतरी हवं होतं. चौकशी बसली. तीन सभासद, समोर दिगंबरराव, आणि चौकशीचं टिपण घ्यायला अक्षर चांगलं म्हणून मी.

"रोगाचं नाव जाहीर करायची परवानगी नियमात नाही," एक सभासद म्हणाले. "हा मजकूर कोणाचा?"

माझा हात कागदावर थांबला. दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सही कोनाची हाये?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मंग मजकूर माझा."

'मजकूर माझा, असे त्यांनी कबूल केले,' मी लिहिलं. माझ्या एका बाजूला नोटिशीची प्रत होती आणि दुसऱ्या बाजूला टिपण. दोन्हींवर एकच अक्षर. तिघांनीही दोन्ही कागद हातात घेऊन पाहिले, कोणाला काही दिसलं नाही. दिगंबररावांना नोकरीतून काढून टाकलं.

ते गाव सोडून गेले, त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. पत्र्याची एक पेटी घेऊन ते चिखलीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. सोडायला दुसरं कोणी आलं नव्हतं. मी शेजारी बसलो. शेवटी विचारलं, "साहेब, माझं नाव का सांगितलं नाही?"

"तुह्यं नाव सांगाले मी कोन?" ते म्हणाले. "अख्ख्या गावाचा कचरा वाचला मी बे. सही करायचा कागद नाई वाचला. तेवढ्याची शिक्षा मले भेटली, ती बरोबर हाये."

"मी चुकलो, साहेब."

"मले काऊन सांगतं? माह्यी पोरगी मेली का?" त्यांचा आवाज चढला तसे दोन-तीन प्रवासी वळून पाहू लागले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुले वाचवलं असं समजू नको. मास्तर माह्याकडं आल्ते, घर सोडायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, अक्षर मी वळखलं, पोरगा माझा इद्यार्थी हाये, त्याचं नाव घेऊ नका, त्याच्या घरी लहान मुलगी हाये. कोन पोरगा, कोनतं अक्षर, मले तवा समजलंच नाई. अर्ज आला तवा समजलं. मी फक्त मास्तरचं आयकलं. तुह्यासाठी काई केलं नाई."

गाडी लागली. त्यांनी पेटी स्वतःच उचलली, मला हात लावू दिला नाही. पायरीवर उभे राहून म्हणाले, "मास्तर जिता हाये. जाय, त्याच्या तोंडावर सांग."

दिगंबरराव दोन वर्षांनी वारले असं ऐकलं. देवीदास मास्तर त्यानंतर बरीच वर्षं मेहकरजवळच्या त्याच खेड्यात जगले. मी दिगंबररावांच्या खुर्चीत बसलो, त्याच खुर्चीतून निवृत्त झालो. मेहकरची गाडी आमच्या स्टँडवरून दिवसातून चार वेळा सुटते. मी कधीच गेलो नाही.